घरटी एक माणूस

कोजागरी झाली की पुढचे दोन दिवस मी दुपारी पडत नाही. एरवी जेवण झालं की डोळा लागतो. तीस-बत्तीस वर्षं दवाखान्यात पाळ्या केल्यावर मिळेल तेव्हा झोपायची शरीराला सवय लागली आहे. पण त्या दोन दिवसांत नाही. धामणकर नाक्यामागच्या माझ्या दोन खोल्यांत पंखा फिरत असतो, खाली रिक्षावाले ‘पूर्णा, पूर्णा, एक सीट’ ओरडत असतात, पाऊस जाऊन उन्हाचा नुसता चटका मागे उरलेला असतो, आणि मी भिंतीला टेकून जागी असते. दीड-दोनच्या सुमाराला खाडीला उधाणाची भरती असते. आता ती आली काय आणि गेली काय, बुडण्यासारखं माझं तिथे काही उरलेलं नाही. तरी ती ओसरेपर्यंत डोळे मिटत नाहीत.

भिवंडीत जन्म काढलेल्या माणसांनाही खाडी कुठे आहे ते सांगावं लागतं. त्यांच्या भिवंडीत लूम आहेत, ट्रक आहेत, गोदामं आहेत. आमचं गाव पूर्ण्याच्या पुढे, खाडीकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर होतं. गावाचा पत्ता सांगताना आम्ही पूर्व-पश्चिम सांगत नसू. वर आणि खाली सांगत असू. वर रस्ता, वर देऊळ, वर शाळा, वर पाटलांची घरं आणि त्यांची गोड्या मातीची शेतं. मधे तळं. तळ्याच्या खाली आमची आळी, अठरा बौद्ध घरं. आणि आमच्याही खाली मोठी खार, म्हणजे कुण्या जुन्या माणसांनी खाडीकडून काढून घेतलेली सपाट जमीन. खारीच्या कडेने मातीचा लांब बांध, बांधापलीकडे तिवरांची झाडी, आणि मग खाडी. पाऊस वरून खाली यायचा, भरती खालून वर यायची, आणि दोन्ही पाण्यांची गाठ आमच्या दारात पडायची.

खारीत राता नावाचं भात व्हायचं, तांबड्या दाण्याचं. थोडं खारं पाणी लागलं तरी तग धरणारं. त्याच्या भाकरीला एक मातकट गोडी असे, ती मी पुढे कुठे खाल्ली नाही. खारीत सगळ्या गावाची शेतं होती. पाटलांची वरच्या अंगाला, आमची अगदी शेवटी, बांधाला चिकटून. पंधरा-वीस गुंठ्यांचे तुकडे. बांध फुटला तर आधी आमचे.

बांधाला एका ठिकाणी दगडी चौकट होती आणि तिच्यात वरून सरकवायच्या सागाच्या फळ्या. तिला उघाडी म्हणत. भरती आली की फळ्या खाली सोडायच्या, म्हणजे खाडी आत येत नाही. ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी निघून जातं. काम एवढंच. पण भरती-ओहोटी घड्याळावर चालत नाही. रोज पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे जो माणूस उघाडी सांभाळतो त्याला स्वतःची सकाळ नसते आणि स्वतःची दुपार नसते. तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा.

आबा उघाडीवरून परतताना नेहमी बांधावरून चालत यायचे, हातात एक लांब काठी. मातीच्या बांधाचा खरा वैरी खेकडा. तो आतून पोखरतो, वरून काही दिसत नाही. आबा चालता चालता टाचेने माती दाबून बघत. पोकळ वाटलं की काठी खुपसत, बीळ सापडलं की त्यात पेंढा आणि चिखल कोंबून बुजवत. आई म्हणायची, ‘तुमाला घरात छप्पर गळतंय ते दिसत न्हाय, बांधावरचं बीळ बरं दिसतं.’ आबा हसायचे. दमलेल्या माणसाचं असतं तसं, अर्धंच.

दीक्षा घेतल्यानंतर आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली होती. मेलेली जनावरं ओढणं, सांगावे पोचवणं, सगळं. ते माझ्या जन्माआधी झालं. उघाडी तेवढी राहिली, कारण ती सोडली तर आमचीच शेतं आधी बुडणार. आबांच्या मते ते स्वतःच्या शेताची राखण करत होते. वरच्या घरांच्या मते ते गावाचं काम करत होते, जसं त्यांच्या वाडवडिलांनी केलं. तळ्याच्या काठावर उभं राहून वरचा कुणीही हाक मारायचा, ‘उघाडी, ए उघाडी, पानी तुंबलाय.’ सखाराम हे नाव असलेल्या माणसाला सारं गाव फळ्यांच्या नावाने बोलावत होतं. आबा ‘जी’ म्हणून उठायचे. पान वाढलेलं असलं तरी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी बारावी पास झाले होते, नर्सिंगचा फॉर्म भरून वाट बघत होते, आणि मला ती हाक सहन होईनाशी झाली होती. त्या पावसाळ्यात आबांना दोनदा ताप आला. दुसऱ्यांदा तापातच ते चिखलात उतरले. माझ्या मैत्रिणीचे वडील कामतघरला एका लूमच्या कारखान्यात मुकादम होते. मी त्यांना जाऊन भेटले. गेटवर माणूस हवा होता. सात ते तीन ड्युटी, कोरड्या जागी, बसायला खुर्ची. घरी येऊन मी आबांच्या मागे लागले. आई गप्प होती, पण तिचं गप्प राहणं माझ्या बाजूचं होतं. गणपतीनंतर आबांनी वर जाऊन हिराजी पाटलांना सांगितलं की आता माझ्याच्यानं उघाडी होणार नाही.

हिराजी पाटील गावातला वडीलधारा माणूस. सगळी मुलं त्यांना तात्या म्हणत. ते वाईट नव्हते. रागावले नाहीत. ‘बरा हाय, आमी बघतो,’ एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी आबा काठी घेऊन उठले.

‘कुठे निघालात?’ मी विचारलं.

‘पाटलाला एकदा बांधावरनं फिरवून आनतो. उघाडीच्या उजव्या अंगाला खेकड्यानं लय खोल पोखरलंय. तितं दर चार दिवसांनी भरावं लागतं. वरनं दिसत न्हाय ते.’

मी दारातच होते. म्हटलं, ‘तुम्ही का जायचं? काम त्यांना करायचंय ना, मग त्यांना येऊ दे इथं. आपल्या दारात येऊन तुम्हाला नावानं हाक मारू दे. मग दाखवा.’

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘येतील?’

‘गरज असेल तर येतील.’

त्यांनी काठी परत कोपऱ्यात ठेवली. माझं वय अठरा होतं. मी बरोबर बोलले होते, आजही मला तसंच वाटतं. त्याबद्दल वाद नाही.

कुणी आलं नाही. वरच्या दोन घरांतल्या दोघांनी पाळी लावून घेतली. ते वेळेवर फळ्या सोडत, वेळेवर उचलत. बांधावरून टाच दाबत चालायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आबा सकाळी खाकी शर्ट घालून कामतघरला जात, दुपारी परत येत आणि ओट्यावर बसून खारीकडे बघत. भात पिवळं पडत होतं. त्या वर्षी कणसं इतकी भरली होती की ताटं वाकली होती.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवसाची ती दुपार. माणसं वरच्या शेतातली लवकर पिकणारी हळवी भातं कापत होती. मी तळ्यावर कपडे धूत होते. सहज खाली पाहिलं तर भाताच्या पिवळ्या रंगात मधेच काहीतरी चमकत होतं. आधी वाटलं, कुणी पत्रा टाकलाय. मग ती चमक लांब झाली. मी कपडे तिथेच टाकून खाली धावले. उघाडीच्या उजव्या अंगाला बांधात बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती आणि खाडी आत येत होती. आवाज फार नव्हता. पाणी घाई करत नव्हतं. ते भाताच्या बुंध्यातून पसरत चाललं होतं, जणू वाट त्याला ठाऊक होती.

मी वर ओरडून सांगितलं आणि तशीच रस्त्याला लागले. रिक्षा मिळाली ती नाक्यापर्यंत; तिथून कामतघरला चालत. कारखान्याच्या गल्लीत लूमचा खडखडाट इतका की माझं रडणं मलाही ऐकू येत नव्हतं. आबा गेटवर खुर्चीत बसले होते. शेजारी चहा घेणाऱ्या एका कारागिराने मला आधी पाहिलं. ‘सखारामभाई, आपकी बिटिया आयी है.’

मी ते ऐकलं. महिनाभरात इथल्या परक्या माणसांनी त्यांना नाव दिलं होतं.

‘आबा, बांध फुटला.’

‘कंच्या जागी?’

‘उजव्या अंगाला.’

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मुकादम पुढे आले. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण चेहरा कळला असावा. ‘आप जाओ, गेट मैं देखता हूँ,’ ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. पाणी ज्या खांडीतून आत आलं त्याच खांडीतून बाहेर पडत होतं आणि जाताना बांधाची आणखी माती नेत होतं. सारं गाव तिथे उभं होतं. आडवं झालेलं भात, त्यावर करडा गाळ. आमची अठरा घरांची शेतं तर दिसतच नव्हती. हिराजी पाटील खांडीच्या कडेला गुडघाभर चिखलात होते. त्यांनी आबांना पाहिलं.

‘इतं पोखरलाय ते तुला ठाव होता का?’

मी आबांच्या मागेच होते.

‘न्हाय,’ आबा म्हणाले. ‘माझ्या ध्यानात आलं न्हाय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीच्या तोंडाशी हिराजी पाटील येऊन उभे राहिले. वरचा कुणी पाटील आळीत आलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, ‘सखाराम, हायस का घरात?’

मला हवं होतं ते मिळालं होतं. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आबा बाहेर गेले. बांध बांधायचा तर अमावास्येच्या उधाणाच्या आत. मधे अष्टमीच्या सुमाराला खाडीचं पाणी थकतं, भरती अर्धीच चढते. त्याला भांग म्हणतात. तेवढेच दिवस हातात. आबा म्हणाले, ‘मी येतो. पन घरटी एक मानूस पायजे. वरच्या घरचा बी आनि आमच्या घरचा बी. बाया मातीला. रांग एकच.’

‘एकच?’

‘दोन रांगा केल्या तर माती पोचायची न्हाय, पाटील.’

पाटलांनी तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘बरा.’

नऊ दिवस. आबांनी कारखान्यात सांगून ठेवलं होतं. मुकादमांनी फाटक्या बारदानांचा एक ढीगच पाठवून दिला. पुरुषांनी खांडीत तिवराच्या मेढींच्या दोन ओळी ठोकल्या. मधे पेंढा, बारदानात भरलेला चिखल, पुन्हा पेंढा. माती वरच्या माळावरून यायची, बायकांच्या रांगेतून, हातोहात. माझ्या अलीकडे हिराजी पाटलांची सून जनाबाय होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. पहिल्या दिवशी ती घमेलं माझ्या पायाशी ठेवायची आणि मी ते उचलायचे. तिने ठेवायचं, मी वाकायचं. संध्याकाळी पाठ मोडून आली होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, तिने घमेलं खाली ठेवलंच नाही. सरळ माझ्या हातात दिलं. तिच्या बोटांवर माझी बोटं आली. दोघींना वाकायचा कंटाळा आला होता, एवढंच. त्यानंतर रांगेत कुठेच कुणी घमेलं खाली ठेवलं नाही.

आबांना मी त्या दिवसांत जसं पाहिलं तसं आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. छातीपर्यंत पाण्यात उभे राहून ते सांगत होते आणि वरच्या घरांतले बाप्ये ऐकत होते. ‘सखाराम, हितं किती?’ ‘सखाराम, मेढ हालते.’ दिवसभर नाव. पण त्या नावाचा आनंद घ्यायला त्यांच्यात काही शिल्लक नसायचं. अंधार पडायच्या आत घरी येत आणि भिंतीला पाठ लावताच, हात चिखलाचे असतानाच, झोपी जात. आई ओल्या फडक्याने त्यांचे हात पुसायची.

नवव्या दिवशी, दोन भरत्यांच्या मधे पाणी तळाला असतं त्या तीन तासांत, शेवटचा हातभर तोंडाचा भाग बुजवला. भरती आली, बांधाला लागली, थांबली. माणसं होती तिथे चिखलात खाली बसली. जनाबाय माझ्या खांद्याला टेकून बसली होती.

त्यानंतर आठवड्याभराने ती मला तळ्यावर भेटली. मी पाण्याला गेले तेव्हा तिने आपला हंडा उचलून दोन हात पलीकडे ठेवला. हात आपोआप गेला असावा. मग तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी पाणी भरलं आणि आले. थकवा होता तोवर ते टिकलं. तिचा मला राग आला नाही, येऊ शकला असता. पण रागालाही थोडं बळ लागतं.

भात तर गेलंच. जमिनीत मुरलेलं मीठ धुऊन निघायला तीन पावसाळे लागले. त्या तीन वर्षांत वरची, खालची सगळी तरुण पोरं लूमवर गेली. आपली शिफ्ट आणि आपला सुटीचा शुक्रवार त्यांना सवयीचा झाला. चौथ्या वर्षी खारीत पुन्हा राता आला, विरळ, पण आला. तो कापायला म्हाताऱ्या माणसांखेरीज कुणी नव्हतं. उघाडीची पाळी कागदावर घरटी लागली होती. ती कागदावरच राहिली. शुक्रवारी लूम बंद असले की आबा बांधावरून टाच दाबत फिरून येत. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना अडवलं नाही. मग नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत रस्त्याकडून मुरुमाचे ट्रक येऊ लागले. वरची शेतं आधी भरली, नंतर खार. गोदामं उभी राहिली. ज्या पाण्याला नऊ दिवस हाताने थोपवलं, त्याला गोदामवाल्यांनी दोन उन्हाळ्यांत यंत्राने ढकलून दिलं.

तोवर मी सरकारी दवाखान्यात नोकरीला लागले होते. एका हिवाळ्यात पुरुषांच्या वॉर्डात हिराजी पाटील दाखल झाले. दम्याने पार वाळले होते. माझ्या ड्युटीत मी त्यांना वाफ द्यायचे, उशी उंच करून द्यायचे. ते मला ‘सिस्टर’ म्हणत, मग आठवण होऊन ‘सखारामची सुमन’ म्हणत. एका दुपारी वॉर्ड शांत होता. मी त्यांच्या कॉटशी स्टुलावर बसले आणि इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं.

‘तात्या, बांध पोखरलाय हे आबांना ठाऊक होतं. ते तुम्हाला दाखवायला निघाले होते. मी अडवलं.’

श्वास आला तेव्हा ते म्हणाले, ‘मना ठाव हाय.’

‘कसं?’

‘तुजा बापूस बांधावरची मुंगी इसरायचा न्हाय. खेकडा इसरल?’

मग बराच वेळ त्यांची छाती नुसती वाजत होती. मला वाटलं, झोपले.

‘मी आलतो गो,’ ते म्हणाले. ‘त्याने काम सोरल्यावर. दोन येला तलावापावेतो आलतो, इचारायला. तितनं माघारी गेलो.’

‘का?’

‘हाक काय म्हनून मारायची ते कलना. उघाडी म्हनायचा तर त्याने उघाडी सोरलेली. नाव घेऊन मारायची, तर आमची मानसा हसतील.’ त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच कानाकडे ओघळलं. ‘एवऱ्यासाठी गेला सगला.’

मी त्यांची उशी नीट केली.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आबा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. समोर खारीच्या जागी गोदामाची पांढरी भिंत होती. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगितलं. पाटील काय म्हणाले ते, शब्द न शब्द. आबांचा हात थांबला.

‘दोन येळा आलता म्हनाला?’

‘हो. तळ्यापर्यंत.’

‘मी बघितलं होतं त्याला,’ आबा म्हणाले. ‘एकदा. तळ्याच्या काठाला उभा होता. इकडंच बघत होता.’

‘मग तुम्ही का नाही हाक मारली?’

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले.

‘मला वाटलं, येतोय तो.’